म्हशींचे श्वास मोजले ते दिवस

कसबा बावड्यात नोकरीला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं माझी ओळख ‘मेलेल्या जनावरांची म्याडम’ अशी होती. त्यात लोकांची चूक नव्हती. कुणाचं जनावर दगावलं की मी हळहळायच्या आधी विचारायची, “उघडून बघू का?” लोक बिथरायचे. जनावर गेलं ते गेलं, आता ही बाई त्याची चिरफाड कशाला करत्या, असं माझ्या तोंडावर विचारायचे. इकडं मागं बोलायची पद्धत कमीच.

माझं पुढचं शिक्षण विकृतिशास्त्रातलं. रोग झाला की शरीरात आत नेमकं काय बिघडतं, ते डोळ्यांनी बघायचं शास्त्र. शिकताना मी दोन वर्षं नुसती फुफ्फुसं बघितली. गाईची, म्हशीची, शेळीची. पातळ काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. प्रयोगशाळेत नोकरी मिळेल अशी आशा होती. मिळाला तो दोन खोल्यांचा जनावरांचा दवाखाना, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि निवृत्तीला आलेले एक परिचर. त्यांना अख्खं बावडं मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले.

आम्ही जैन, हातकणंगल्याकडचे शेतकरी. वडील गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. सूर्य मावळायच्या आत जेवणारी, पाणी गाळल्याशिवाय घोटभरही न घेणारी बाई ती. मी शवविच्छेदन करून आले की ती मागच्या दारी गरम पाण्याची बादली ठेवायची आणि मी अंघोळ करून येईपर्यंत काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, “मेलेल्याला बघून जितं वाचत असंल तर बघ. नुसतं बघायचं म्हणून बघू नको.” हे वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिलं, कारण तोपर्यंत माझ्या बघण्यानं एकही जनावर वाचलेलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली आणि खालच्या गल्ल्यांतले गोठे पाण्यात गेले. जनावरं वर आणून एका मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधली. जिथं जेवणाच्या पंगती बसायच्या तिथं आता साठेक म्हशी दावणीला उभ्या होत्या, शिंगाला शिंग लागेल इतक्या दाटीनं. वर पत्र्यावर पाऊस, खाली शेण आणि चिखल, खायला ओला चारा. पुराच्या आधी जनावरांना घटसर्पाची, म्हणजे गळा सुजवून घुसमटवणाऱ्या रोगाची, जी लस द्यायची ती त्या वर्षी निम्म्यांना दिलीच गेली नव्हती. रस्ते बंद पडले, लोक गोठे हलवायच्या गडबडीत होते. ते माझ्या डोक्यात होतं, पण त्या चार दिवसांत मी जखमा धुणं, सलाईन लावणं आणि चाऱ्याचे ट्रॅक्टर मिळवणं यातच गुंतले होते.

पाचव्या दिवशी सकाळी मामा सायकल टाकूनच आत आले. “म्याडम, चाचींची पाडी गेली. काल संध्याकाळपर्यंत चांगली खात होती.”

चाची म्हणजे खालच्या गल्लीत पाच म्हशी सांभाळणारी एक विधवा बाई. वय साठीच्या आसपास, अंगानं काटक. रोज संध्याकाळी शहरात कट्ट्यावर म्हशी नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची. पुराच्या पाण्यातनं तिनं स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून पाचही जनावरं बाहेर काढली होती, हे सगळ्यांनी बघितलं होतं. त्यातली पहिल्या वेताला आलेली तरणी म्हैस, जिला ती अजून पाडीच म्हणायची, आता शेडच्या कोपऱ्यात पाय ताणून पडली होती. गळा सुजून नळ्यासारखा झालेला, नाकाला फेस.

शेजारी पैलवान उभे होते. तरुणपणी कुस्त्या केलेले, कान मोडलेले, आता म्हशींत रमलेले. शेडमध्ये त्यांचाच शब्द चालायचा. ते म्हणाले, “पान लागलंय. पुरातनं साप लई वर आल्यात. पुरा तिला, आन् बाकीच्यांस्नी सलाईन लावा.”

मी खाली बसून म्हशीचा गळा दाबून बघितला. बोट रुतलं तसा खड्डा पडला. मला साप वाटत नव्हता. मी चाचीकडं बघितलं आणि नेहमीचं विचारलं.

पैलवान उखडले. “मेलेली म्हस चिरून काय दूध निघणार हाय काय वो? रडतीय ती बाई, दिसत न्हाय व्हय?”

चाची खरंच रडत होती. पदरानं तोंड पुसून ती माझ्याजवळ आली. “बाई, पुरातनं काढली मी हिला. पाण्यानं न्हाय मारली आन् इथं कोरड्यात मेली. कशानं मेली त्ये मला कळू दे. फाड तू. पर मी हितंच उभी ऱ्हाणार. काय दिसतंय त्ये मलाबी दाव.”

शेडच्या मागं जेसीबीनं खोल खड्डा काढला. त्याच्या काठाला, अंगात रबरी कोट आणि हातात कोपरापर्यंत मोजे घालून, मी काम सुरू केलं. लोक वीसेक पावलांवर उभे होते. मी त्यांना पुढं येऊ दिलं नाही, फक्त चाची तोंडाला पदर बांधून थोडी जवळ होती. गळ्याच्या कातड्याखाली पिवळसर पाणी गोठून जेलीसारखं झालेलं. छातीचा पिंजरा उघडला आणि मी थबकले. दोन वर्षं ज्यांचे काप बघत बसले होते, तसंच फुफ्फुस अख्खं समोर होतं. खालचे दोन्ही भाग काळपट लाल, काळजासारखे घट्ट. मधल्या फटी पिवळ्या पाण्यानं फुगलेल्या, त्यामुळं फुफ्फुसावर संगमरवरासारखी नक्षी उठलेली. वरच्या भागाला मात्र अजून गुलाबी रंग होता.

मी मामांना पाण्याची बादली आणायला सांगितली. वरच्या गुलाबी भागाचा सुपारीएवढा तुकडा कापून पाण्यात टाकला. तो तरंगला. मग खालच्या घट्ट भागाचा तेवढाच तुकडा टाकला. तो सरळ तळाला गेला.

“चाची, हे बघा,” मी म्हणाले. “फुफ्फुसात हवा असते, म्हणून ते तरंगतं. या खालच्या तुकड्यात हवेला जागाच उरली नाही. सगळं पाणी आणि गाठी.”

चाचीनं वाकून बादलीत बघितलं. मग मागं वळून मोठ्यानं म्हणाली, “म्हंजे माझी पाडी कोरड्यात उभी राहून बुडाली की रं!”

वीस पावलांवरच्या माणसांनी माना उंच करून बादलीकडं बघितलं. पैलवानांनीसुद्धा.

हृदयातल्या रक्ताचा थेंब काचेवर ओढून घेतला, प्रयोगशाळेला पाठवायला एका लांब हाडाचा तुकडा बांधून घेतला, खड्ड्यात चुना ओतून तो बुजवला आणि मी दवाखान्यात आले. काच रंगवली, धुतली, वाळवली. आमच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाची एक कडी ढिली होती, ती अंगठ्यानं धरून ठेवावी लागायची. डोळा लावला. रक्तपेशींच्या मधे हजारोंनी जंतू पडले होते. दोन्ही टोकांना गडद, मधे फिकट. बंद केलेल्या सेफ्टीपिनांचा ढीग ओतावा तसे. पुस्तकात हे चित्र मी शंभरदा बघितलं होतं. त्या दिवशी खुर्चीतून उठून मी मामांना म्हणाले, “घटसर्प! मामा, सापडला!” आणि नंतर मला लाज वाटली, कारण आनंद व्हावा असं त्यात काहीच नव्हतं. पण खरं सांगते, आनंदच झाला होता. शत्रू दिसला होता, आणि बाकीच्या म्हशी अजून उभ्या होत्या.

घरी आल्यावर आईनं बादली दिली. अंघोळ झाल्यावर तिनं पहिल्यांदाच विचारलं, “काय बघितलंस?” मी सांगितलं. तिनं ताटात भाकरी वाढत विचारलं, “मग जंतूनं फुफ्फुस खाल्लं म्हण की.”

“नुसतं जंतूनं नाही गं. जंतू आत शिरला की अंगातल्या पांढऱ्या पेशी त्याला मारायला धावून येतात. लाखांनी येतात. जंतूच्या विषानं त्या तिथंच फुटतात, आणि त्यांच्या पोटातलं जे जंतूला जाळायचं असतं ते फुफ्फुसालाच जाळतं. वर सूज येते, रक्तातलं पाणी झिरपतं. अर्धं नुकसान जंतूचं, अर्धं आपल्याच माणसांचं.”

आई म्हणाली, “म्हणजे आधी जंतू मारायचा, आन् मग आपल्या माणसांस्नी शांत करायचं.”

मी जेवता जेवता थांबले. पुस्तकातल्या दोन पानांचा अर्थ तिनं एका वाक्यात सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी शेडमध्ये उभी राहिले आणि सगळ्यांना गोळा केलं. हा रोग धाप लागल्यावर कळून उपयोग नसतो. धाप लागते तेव्हा फुफ्फुस निम्मं गेलेलं असतं. पण त्याच्या आधी काही तास, कधी दिवसभर, नुसता ताप असतो. म्हैस खात असते, रवंथ करत असते आणि अंगात ताप चढत असतो. तेव्हाच इंजेक्शन दिलं तर ती वाचते. म्हणून सकाळ-संध्याकाळ प्रत्येक म्हशीचा ताप बघायचा. ताप असलेलीला लगेच औषध आणि वेगळ्या कोपऱ्यात बांधायचं. ताप नसलेलीला लस. शेडमधलं दूध कट्ट्यावर न्यायचं नाही आणि कुणी दुसऱ्या गोठ्यावर जायचं नाही.

“लस दिली म्हंजे झालं की मग,” कुणीतरी म्हणालं.

“लसीची ताकद अंगात भिनायला दोन-तीन आठवडे जातात. तोपर्यंत आपला पहारेकरी थर्मामीटरच.”

“साठ म्हशींच्या शेपट्या उचलत बसायचं व्हय दोनदा?” एक जण हसला.

चाची पुढं आली. “मी बसते. दावा कसं लावायचं त्ये.”

तिला अक्षर येत नव्हतं, पण थर्मामीटरवरचे आकडे एका सकाळीत पाठ झाले. एकशे तीनच्या वर गेलं की आवाज द्यायचा, एवढं मी सांगितलं. ताप असलेल्या म्हशीच्या कपाळाला ती निळीचं बोट लावायची आणि लस झालेलीला हळदीचं. दुपारपर्यंत शेडभर पिवळी कपाळं झाली आणि मधे सात निळी. त्या सातांतल्या सहा म्हशी चारा खात होत्या. त्यांच्याकडं बघून कुणालाच काही कळलं नसतं. दोन चाचीच्याच होत्या. सातांना मी आणि मामांनी सुई दिली. तीन दिवसांत सहा कपाळांवरची निळी बोटं पुसली गेली. एक म्हैस गेली, जी पहिल्याच दिवशी धापा टाकत होती.

पहिल्या दिवसापासून एकाच कपाळाला कसलंच बोट लागलेलं नव्हतं. पैलवानांची म्हैस. पंढरपुरी, लांब शिंगं पाठीवर तलवारीसारखी टेकलेली, अंगावर तेल लावल्यासारखी काळी. आठ महिन्यांची गाभण. पैलवानांनी लसही टोचू दिली नाही आणि ताप बघायलाही हात लावू दिला नाही.

“गाभण म्हशीला सुई न्हाय. गाभ टाकंल.”

“सुई नको. नुसता ताप बघू दे,” मी म्हणाले.

“रवंथ करत्या की ती! डोळं न्हाईत व्हय आमास्नी?”

त्या क्षणी मी मागं सरले. भांडून शेड हातचं जाईल अशी भीती वाटली. ती माझी चूक होती आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी पैलवान स्वतः दवाखान्याच्या दारात आले. डोक्यावरचा पटका हातात घेतलेला. “म्याडम,” एवढंच म्हणाले आणि मला शेडकडं घेऊन निघाले.

म्हैस मान लांब करून, पुढचे पाय फाकवून उभी होती. प्रत्येक श्वासाला कण्हत होती. ताप एकशे सहा. मी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. खालच्या भागात हवेचा आवाजच नव्हता. त्याच्या वर नवी कोल्हापुरी चप्पल घालून कुणी चालावं तसं करकर ऐकू येत होतं. सुजलेलं फुफ्फुस बरगड्यांच्या अस्तरावर घासत होतं.

“वाचंल न्हवं?” पैलवानांनी विचारलं.

“सांगता येत नाही. खोटं बोलणार नाही.”

“म्या तवा सुई मारू दिली असती तर...”

“लस घेतली असती तरी इतक्यात तिची ताकद आली नसती. ताप बघितला असता तर कालच कळलं असतं. ते मी धरून बसायला हवं होतं. आता दोघं मिळून बघू.”

जंतू मारायचं औषध शिरेतून दिलं. मग सूज आवरायचं. सूज झपाट्यानं उतरवणारी औषधांची एक जात असते, पण तिनं शेवटच्या महिन्यांत गाभ पडतो, शिवाय अंगाची सगळीच ताकद दबते. मला पांढऱ्या पेशींचा आवेश कमी करायचा होता, त्यांना झोपवायचं नव्हतं. म्हणून मी सौम्य औषध निवडलं. पैलवानांनी हाताची घडी घालून विचारलं, “गाभाचं काय?” मी म्हणाले, “दोघींसाठीच हे औषध घेतलंय.” त्यांनी मान डोलावली आणि म्हशीचं शेपूट स्वतः धरून ठेवलं.

आता काम उरलं ते मोजायचं. म्हैस बरी होतेय की जातेय, हे तापापेक्षा तिच्या कुशीवर कळणार होतं. कूस एकदा वर-खाली झाली की एक श्वास. निरोगी म्हशीचे मिनिटाला वीस-पंचवीस. मी मोजायला बसायची, पण मला मधेच कुणीतरी दुसऱ्या म्हशीकडं बोलवायचं आणि आकडा चुकायचा. चाचीनं ते बघितलं आणि कमरेला खोचलेली जपाची माळ, तिची तसबी, काढली. “तू घड्याळ धर, मी मोजते.”

मी ‘हं’ म्हटलं की ती एकेका श्वासाला एकेक मणी सरकवायची. ‘थांबा’ म्हटलं की मणी मोजायची. पहिल्या दिवशी बहात्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठ्याहत्तर. पैलवान जवळ बसून होते, आकडा ऐकून उठून गेले. शेडच्या पलीकडं भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. चाची त्यांच्यामागं गेली. काय बोलली मला ऐकू आलं नाही, पण ते परत आले आणि म्हशीच्या अंगावरच्या माशा हाकत बसले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. एकशे एक. शेडमध्ये माणसं आनंदानं ओरडली. पण तसबी सांगत होती अडुसष्ट.

“ताप गेला न्हवं? मग धाप का जाईना?” पैलवान माझ्यावर जवळजवळ ओरडलेच.

“जंतू मेलेत, पैलवान. पण लढाई झाली ती तिच्या फुफ्फुसात. मेलेल्या पेशी, गाठी, पाणी, सगळा राडा तिथंच पडलाय. आता दुसऱ्या पेशी येऊन तो उचलतात. पूर ओसरला म्हणून घर लगेच कोरडं होतं का?”

पुराचं म्हटल्यावर त्यांना कळलं. त्यांच्या स्वतःच्या घरात अजून घोटाभर गाळ होता. “गाळ काढायला किती दिस लागतील?”

“तिचं तिलाच माहीत. आपण तिला खायला घालायचं, उभी ठेवायची, वारं लागू द्यायचं नाही पण हवा कोंडू द्यायची नाही.”

मग ते दिवस सुरू झाले ज्यांची आठवण आली तरी मला अजून बरं वाटतं. पैलवानांनी शेडच्या एका बाजूचे पत्रे स्वतः उचकटून हवेला वाट केली. चाची सकाळी, दुपारी, संध्याकाळी तसबी घेऊन यायची. साठ. अठ्ठावन्न. मग एक दिवस परत चौसष्ट आणि सगळ्यांची तोंडं उतरली. मग पन्नास. शेडमधली माणसं एकमेकांना ‘राम राम’च्या ऐवजी आकडा विचारायला लागली. उचगावहून चारा घेऊन येणारा ट्रॅक्टरवाला, ज्याचा या म्हशीशी काही संबंध नव्हता, तो लांबूनच ओरडायचा, “पैलवान, आज कितीवर हाय?” आणि पैलवान छाती काढून उत्तर द्यायचे, जणू स्वतःच्या कुस्तीचा निकाल सांगतायत.

नवव्या दिवशी चाचीनं मणी मोजले, परत मोजले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “बत्तीस.” तेवढ्यात म्हशीनं मान खाली घातली, पेंढीतली वैरण ओढली आणि सावकाश चावायला लागली. कण्हणं नव्हतं. पैलवानांनी तिच्या मानेला मिठी मारली. आम्ही तिघंही रडत होतो आणि मामा सगळ्यांना चहा आणायला निघाले होते, तेवढंच त्यांना सुचलं.

प्रयोगशाळेचा कागद नंतर आला. त्यात तेच लिहिलं होतं जे आम्हाला माहीत होतं. शेडमधून म्हशी आपापल्या गोठ्यात गेल्या तोवर दोन दगावल्या होत्या, बाकी सगळ्या चालत गेल्या. त्या दिवसानंतर मला बावड्यात कुणी मेलेल्या जनावरांची म्याडम म्हटलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला पैलवानांची म्हैस व्याली. रेडी झाली, धडधाकट. आणि दिवाळीच्या चार दिवस आधी पैलवान दवाखान्यात आले आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलले.

“म्याडम, पाडव्याला म्हशी पळवायच्यात. तिला नेऊ का?”

बावड्यात पाडव्याला म्हशी नटवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसं. मालक मोटारसायकलवर पुढं आणि त्याच्या हाकेला ओ देत म्हैस मागं पळते. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांच्या आवाजानं कान बसतात. ज्याची म्हैस गर्दीतनं न बिचकता मालकाच्या मागं येते, त्याची मान त्या वर्षी ताठ.

मी लगेच हो म्हटलं नाही. फुफ्फुसाला एकदा असा मार बसला की काही भाग कायमचा निबर होतो. तो किती झालाय हे मला बघायचं होतं. “घेऊन या,” मी म्हणाले. “तिथंच बघते. मी नाही म्हटलं तर परत न्यायची.”

“तुमी म्हणशीला तसं.”

पाडव्याच्या दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटली होती. आईसुद्धा आली होती, एका दुकानाच्या पायरीवर उभी. पैलवानांनी म्हशीला हळूहळू चालवत आणलं. चाची पलीकडं तिच्याच दोन म्हशींबरोबर होती, त्यांच्याही शिंगांना तिनं सोनेरी रंग दिला होता. मी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि म्हशीच्या बरगड्यांवर टेकवला. गाड्यांच्या गोंगाटात मला माझा श्वाससुद्धा ऐकू येईना. मी पैलवानांना हातानं खूण केली, काहीच कळत नाही म्हणून.

ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर केले आणि कुस्तीच्या मैदानातल्या आवाजात गरजले, “गाड्या बंद करा रं समद्यांनी! म्याडमस्नी फुफ्फुस ऐकायचंय!”

कुणीतरी हसलं. मग एक गाडी बंद झाली. मग दुसरी. मागच्या वळणापर्यंत एकेक करून सगळ्या बंद झाल्या. एवढ्या गर्दीचा रस्ता आणि एका म्हशीच्या श्वासासाठी तो गप्प उभा राहिला. मी डोळे मिटले. डावीकडं खाली, पंज्याएवढ्या जागेत, आवाज जाड होता. तो व्रण राहणार होता. त्याच्या वर, मागं, उजवीकडं सगळीकडं हवा मोकळी आत येत होती आणि मोकळी बाहेर जात होती. मी परत एकदा दोन्ही बाजूंनी ऐकलं. घाई केली नाही.

मग स्टेथोस्कोप कानातून काढला. पैलवान माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि त्यांच्यामागं अख्खा रस्ता.

“पळवा,” मी म्हणाले.

गाड्या एकदम पेटल्या. पैलवान ज्या गाडीवर मागं बसले ती पुढं सुटली, त्यांनी वळून हाक घातली, आणि शिंगं पाठीवर टाकून ती म्हैस त्यांच्यामागं निघाली. आधी दुडक्या चालीनं, मग सरळ धावत. चाची पदर सावरायचं विसरून शिट्ट्या मारत होती. पायरीवर उभी असलेली माझी आई, जिनं आयुष्यात कधी मोठ्यानं आवाज काढला नव्हता, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. वळणापाशी जाऊन म्हैस थांबली, मान वर केली आणि अशी रेकली की पुढच्या चौकातली माणसं मागं वळून बघायला लागली.